सातव्या गाण्याचा ड्रमर

अवधूत सामंतने पहिलं मत वाचलं ते ऑफिसच्या कँटीनमध्ये, डबा उघडून. पोलंडमधल्या कुणीतरी लिहिलं होतं, 'या मुंबईच्या बँडचं नाव मला उच्चारता येत नाही, पण ड्रमर भयंकर आहे. असे हात या वर्षात मी दुसऱ्या कुठल्याच अल्बमवर ऐकले नाहीत.'

बँडचं नाव 'मसणवट', अल्बमचं 'ओलं सरपण'. संगीत मेलॉडिक ब्लॅक मेटल. गळा फाटेस्तोवर ओरडणं, बेफाम ड्रम, आणि त्या सगळ्या गदारोळावर गिटारची एक उदास, डोक्यात बसणारी चाल. असलं ऐकणारी माणसं जगभर विखुरलेली असतात. ती एका वेबसाइटवर जमतात, प्रत्येक अल्बमला शंभरापैकी मार्क देतात आणि कारणंही लिहितात.

बँडमध्ये माणसं दोनच. गिटार आणि आवाज गंधार विजयकरचा, ड्रम अवधूतचे. गंधार गिरगावातला, डिलाईल रोडच्या एका स्टुडिओत जाहिरातींचं साउंड करायचा. अवधूत काळाचौकीचा, विमा कंपनीत नोकरीला. कॉलेजपासूनची दोस्ती, आणि या अल्बमवर चार वर्षं घातलेली.

आठवड्यात अकरा मतं आली. नऊ जणांनी ड्रमचं नाव काढलं होतं. अवधूतने बायकोला, प्राचीला, ती वाचून दाखवली. ती दादरच्या शाळेत शिकवायची, या संगीताशी तिचा संबंध नव्हता. पण ती म्हणाली, "म्हणजे हात पूर्वीसारखा झाला की रे तुझा."

दोन वर्षांपूर्वी करी रोडच्या पुलाजवळ त्याची बाइक घसरली होती. उजव्या मनगटात प्लेट बसली. सहा महिन्यांनी तो परत वाजवायला लागला, पण जलद वाजवताना तिसऱ्या मिनिटाला हात जड व्हायचा. तरी रेकॉर्डिंग पूर्ण केलं होतं. गंधार तेव्हा म्हणाला होता, "झकास झालंय. आता मिक्स होईपर्यंत ऐकू नकोस, नाहीतर चुका शोधत बसशील."

रविवारी दुपारी अवधूतने हेडफोन लावून पूर्ण अल्बम ऐकला. दुसऱ्या गाण्यात एक लांब जलद तुकडा होता. तो त्याला एकदाही धड जमला नव्हता, बारा वेळा घेतला होता. इथे तो लख्ख वाजत होता. तिसऱ्या गाण्यात तो नेहमी किंचित मागे पडायचा, तिथेही पडला नाही. चौथ्यापर्यंत त्याला कळून चुकलं. हे कॉम्प्युटरवर रचलेले ड्रम होते. शेवटचं, सातवं गाणं संथ होतं. त्यात मात्र त्याने स्वतःला ओळखलं, शेवटाकडे ढिला पडणारा उजवा हातसुद्धा.

त्याने मतं पुन्हा उघडली. सातव्याबद्दल एकाने लिहिलं होतं, 'इथे ड्रमरला काय झालं? झोपेत वाजवतोय.' दुसऱ्याने, 'सहा गाणी ऐका आणि बंद करा.'

सोमवारी ऑफिसात अर्धी सुट्टी टाकून तो डिलाईल रोडला गेला. गंधार एका साबणाच्या जाहिरातीवर बसला होता. अवधूतचा चेहरा बघून त्याने कानावरचे हेडफोन उतरवले.

"ऐकलंस?" गंधारने विचारलं.

"सहा गाण्यांत मी कुठंय?"

गंधारने हेडफोन टेबलावर ठेवले. "तुझंच आहे ते. तू जे वाजवायला निघाला होतास तेच. मी फक्त नीट केलं."

"नीट केलं की काढून टाकलं?"

"सगळे करतात अवधूत हल्ली. आणि तुला सांगितलं असतं तर तू वाजवणंच सोडलं असतंस. नाव तुझं ठेवलंय ना? लोक तुझंच नाव घेतायत."

"मग सातवं का ठेवलंस?" हे विचारताना अवधूतला आतून वाटत होतं की गंधार काहीतरी बरं बोलेल. ते एक तरी तुझं राहू दे म्हटलं, असं काहीतरी.

"ते आपण कानात तालाची टिकटिक न लावता वाजवलं होतं," गंधार म्हणाला. "गिटार तुझ्या ड्रमच्या मागून चाललीय. तुझे काढले तर गिटार लटकते. दोन दिवस घालवले मी त्याच्यावर. जमलं नाही."

अवधूत उठला. गंधार त्याच्या मागे जिन्यापर्यंत आला. "बेंगळुरूहून मेल आलाय," तो म्हणाला. "शो आहे. मागे अल्बमचाच ट्रॅक लावू, तू नुसते हात चालव. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल," अवधूत म्हणाला आणि खाली उतरला.

संध्याकाळी त्याने त्याच वेबसाइटवर स्वतःच्या नावाने लिहिलं. 'मी या बँडचा ड्रमर. पहिल्या सहा गाण्यांतले ड्रम माझे नाहीत, कॉम्प्युटरचे आहेत. सातव्यातले माझे आहेत.'

त्याला वाटलं होतं की खळबळ होईल, कुणीतरी फसवणूक म्हणेल. दुसऱ्या दिवशी तीन उत्तरं होती. एकाने लिहिलं, 'काय फरक पडतो, ऐकायला चांगलं आहे.' दुसऱ्याने, 'म्हणजे जे वाईट आहे तेवढंच तुझं?' पोलंडवाल्याने फक्त आपले मार्क बदलले होते. दोन कमी केले होते.

गंधारचा फोन आला नाही. चार दिवसांनी अल्बमच्या पानावरून अवधूतचं नाव गेलं. सातवं गाणंही गेलं. खाली आणखी एका श्रोत्याने लिहिलं, 'आता कसा आटोपशीर झाला. पंच्याण्णव.'

अवधूतजवळ सातव्या गाण्याची फाइल होती. पुढच्या शनिवारी प्राची पोळ्या लाटत होती, तेव्हा त्याने ती छोट्या स्पीकरवर लावली. का काढलं, कोण काय म्हणालं, त्याने काही सांगितलं नाही. तिने शेवटपर्यंत ऐकलं. गाणं संपल्यावर गॅस बारीक केला.

"हे जरा रेंगाळतं, नाही?" ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला.

गंधार बेंगळुरूला दुसरा ड्रमर घेऊन गेला. एकोणीस-वीस वर्षांचा होता, परळचा. शोचा व्हिडिओ कुणीतरी टाकला. अवधूतने तो ऑफिसात पाहिला, आवाज बंद करून. मुलगा खरंच वाजवत होता, ते हातांवरूनच कळत होतं. दुसऱ्या गाण्यातला तो लांब तुकडा आला तेव्हा त्याचे हात कुठेही अडले नाहीत. अवधूतने तो तुकडा तीनदा मागे नेऊन पाहिला. मग टेबलावरचे क्लेमचे कागद पुढे ओढले आणि उजवा हात मांडीवर ठेवून, एक-एक करून डाव्या हाताने शिक्के मारायला लागला.