चौऱ्याहत्तर टक्के

"मैडम, चौहत्तर आ रहा है," म्हणत खिडकीपलीकडच्या अमितने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

वसुंधराबाईंना आधी कळेचना. "चौहत्तर क्या, भैया?"

"प्रतिशत. मशीन का लिखा." अमित विद्यापीठाच्या संशोधन विभागातला कारकून. नऊ वर्षं बाईंचे अर्ज तोच घेत होता. त्याने आवाज खाली आणला. "तीस से ऊपर हो तो थीसिस जमा ही नहीं होती. नया नियम है. आपने वो... मोबाइल वाला कुछ चलाया था क्या?"

"नाही हो," बाई चक्क मराठीत म्हणाल्या. मग सावरून, "नहीं भैया. एक शब्द भी नहीं."

पडद्यावर त्यांचा तीनशे बारा पानांचा प्रबंध सरकत होता. जिथे जिथे मशीनला संशय आला होता तिथे लाल रंग होता. एरच गावच्या बायकांची लग्नातली गाणी तेवढी पांढरी राहिली होती. गाण्यांच्या आजूबाजूला बाईंनी जे लिहिलं होतं, ते जवळजवळ सगळं लाल.

वसुंधरा मुळ्ये झाशीजवळच्या बबीन्याच्या शाळेत हिंदी शिकवत. वडील रेल्वेत गार्ड, भुसावळहून बदली होऊन झाशीला आले तेव्हा ही सात वर्षांची होती. नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "मेरा आवाज बैठ गया है," आणि सगळा वर्ग हसला होता. मराठीत आवाज तो, हिंदीत ती. त्या दिवसापासून तिने वहीत एकेक हिंदी शब्द त्याच्या लिंगासकट उतरवायला सुरुवात केली. चाळीस वर्षांनी बबीन्याचे शिक्षक हेडमास्तरांच्या नावाचा अर्ज लिहायचा झाला तरी मुळ्ये मॅडमकडे येत. त्यांच्या हिंदीत चूक सापडत नसे. वाक्यं छोटी, सरळ, इस्त्री केल्यासारखी.

ती इस्त्रीच आता आड आली होती.

त्यांच्या मार्गदर्शक सक्सेना मॅडमनी खुर्ची पुढे केली, चहा मागवला आणि म्हणाल्या, "वसुंधरा जी, मैं जानती हूँ आपने ही लिखा है. आपकी चिट्ठियाँ भी ऐसी ही होती हैं."

"तो आप लिखकर दे दीजिए."

मॅडमनी कप खाली ठेवला. "मेरे लिखने से रिपोर्ट नहीं बदलती. पिछले साल चार थीसिस पकड़ी गईं, पूरी की पूरी मशीन की. तब से कमेटी किसी की नहीं सुनती. थोड़ा इधर-उधर कर दीजिए न भाषा को. तीस जून तक का समय है."

तीस जूनला बाईंच्या नोंदणीची मुदत संपत होती. वाढीव वर्ष आधीच घेऊन झालं होतं.

घरी अनुया सुट्टीवर आली होती. मुलगी झाशीतच जन्मलेली, मराठी समजायची सगळी, बोलायची तिच्या तऱ्हेने. "आई, तू टेन्शन नको घेऊ ना. याचा पण इलाज असतो. एक दुसरी मशीन असते, ती लिखावट बदलून देते. माणसासारखी करते."

"मी माणूसच आहे की गं."

"ते मला माहिती आहे. मशीनला नाही ना माहिती."

दुसऱ्या दिवशी दुपारी अनुयाने त्या दुसऱ्या मशीनमधून काढलेला नवा प्रबंध छापून आणला. तपासून पाहिला होता. नऊ टक्के. बाईंचे यजमान रघुनाथराव, त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "चला, झालं. देऊन टाक उद्या."

बाईंनी चष्मा लावला आणि जेवणाच्या टेबलावर बसून वाचायला घेतलं. तिसऱ्या प्रकरणात त्या थांबल्या.

"हे बघा काय लिहिलंय. मी लिहिलं होतं, 'रामकली ने गीत रोककर पानी माँगा.' आणि इथे आहे, 'गाना बीच में ही थम गया और, सच कहूँ तो, मेरा गला भी भर आया.'"

"बरं मग? चांगलंय की," रघुनाथराव म्हणाले.

"माझा गळा भरून आला नव्हता. तिला तहान लागली होती. जेठाचा उन्हाळा होता, एरचची ती म्हातारी सकाळपासून गात होती. मी उठून घागरीतलं पाणी दिलं, एवढंच झालं. ही मशीन 'सच कहूँ तो' म्हणून खोटं बोलतेय."

"आई, कोण वाचणार आहे इतकं?"

"मी वाचलं ना."

"वसुंधरा," रघुनाथराव खुर्ची ओढून जवळ बसले, "नऊ वर्षं, गं. सुट्ट्या नाहीत, सण नाहीत. एरचच्या बसमध्ये तुझी कंबर गेली. एका वाक्यासाठी सगळं घालवणार?"

"एक नाही हो. पानोपानी आहे." त्यांनी कागद नीट सारखे करून अनुयाच्या हातात दिले. "तुझी मेहनत वाया गेली, बाळ. पण हे मी नाही देणार."

त्यांनी सुनावणीसाठी अर्ज केला. अठ्ठावीस जूनचं बोलावणं आलं.

समितीत तीन जण होते. बाईंनी टेबलावर सात वह्या मांडल्या. कुठल्या तारखेला, कुणाच्या अंगणात, कुणी काय गायलं, सगळं पेनाने लिहिलेलं. अध्यक्षांनी दोन वह्या सावकाश चाळल्या. ते सभ्य गृहस्थ होते.

"बहुत परिश्रम है. पर इनसे गीत सिद्ध होते हैं, लेखन नहीं. थीसिस का कच्चा मसौदा है आपके पास? हाथ का लिखा?"

कच्चा मसुदा होता. जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर अख्खा प्रबंध त्यांनी दोनदा लिहून काढला होता. टंकलेखन झाल्यावर ते गठ्ठे दिवाणाखाली पडून होते. मागच्या दिवाळीत साफसफाई करताना ते रद्दीत गेले. दिले होते रघुनाथरावांनी. ते आत्ता बाहेर बाकावर बसले होते, बाईंची पिशवी मांडीवर घेऊन.

"नहीं है," बाई म्हणाल्या. "नियम गलत है, यह मैं नहीं कहती. मैं खुद पढ़ाती हूँ, नियम तो चाहिए. पर मशीन ने जो कहा, उसे जाँचने वाला भी तो कोई चाहिए. आप में से किसी ने पढ़ी है मेरी थीसिस?"

तिसऱ्या सदस्यांनी घसा साफ केला. "पढ़ना परीक्षकों का काम है, मैडम. और परीक्षकों तक वह तभी जाएगी, जब रिपोर्ट साफ हो."

बाईंनी वह्या एकावर एक रचल्या, हात जोडले आणि बाहेर आल्या.

रघुनाथराव उठून उभे राहिले. "काय विचारलं?"

"कच्चं लिखाण आहे का म्हणून."

त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. कारखान्यात पस्तीस वर्षं वॅगनींच्या आवाजात काढलेला माणूस जेमतेम पुटपुटला. "मी... मला वाटलं, पाठकोरे कागद..."

"मीच म्हटलं होतं, जागा अडलीय," बाई म्हणाल्या. तसं त्या म्हणाल्या नव्हत्या, हे दोघांनाही ठाऊक होतं. जिन्यावरून उतरताना रघुनाथरावांनी त्यांचा दंड धरला होता, आणि कोण कुणाला धरून उतरतंय हे सांगता आलं नसतं.

जुलैत पत्र आलं, चार ओळींचं. नोंदणी रद्द.

पुढच्या रविवारी बाई एरचला गेल्या. सांगायला तर हवं होतं. रामकलीने नऊ वर्षं त्यांना गाणी दिली होती. आता ती ऐंशीच्या पुढे, दोन्ही डोळे गेलेले, कडुलिंबाखाली खाटेवर बसून असायची. बाईंच्या पावलांवरून तिने ओळखलं.

"मराठन बाई? आओ, आओ. छप गई हमाई पोथी?"

"नहीं, अम्मा. नहीं छपेगी."

"काय? बड़े लोगन ने का कई?"

बाईंनी प्रबंधाची प्रत तिच्या मांडीवर ठेवली. यंत्र, टक्के, समिती, यातलं तिला काय आणि कसं सांगायचं? बसमध्ये त्यांनी बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता कामाचं नव्हतं.

"उन्होंने कहा, अम्मा, यह किसी आदमी का लिखा नहीं लगता."

रामकली बोळकं तोंड उघडून खळखळून हसली. "आदमी को कैसें लगे? लुगाई को लिखो आय!"

लुगाई म्हणजे बाईमाणूस. बाईही हसायला गेल्या. हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलंच नाही. पत्र आलं तेव्हा, सुनावणीच्या दिवशी, अनुया निघाली तेव्हाही ज्या रडल्या नव्हत्या, त्या खाटेच्या कडेवर बसून पदराने तोंड दाबून रडू लागल्या.

प्रत तशीच मांडीवर ठेवून रामकली तिची पानं एकेक करून उलटत राहिली. वाचता येणारी बाई उलटते तशी, घाई न करता, प्रत्येक पानावर हात फिरवून.