नानायचं पान

रविवारी अकरा वाजले की मारिसेलचा फोन वाजायचा म्हणजे वाजायचाच. तिकडे फिलिपिन्सात, इलोइलोला, तेव्हा सकाळचे सात. तिची आई, नानाय, चर्चमधून येऊन अंगणातल्या बाकावर टेकायची आणि शेजारणीला म्हणायची, लाव गं बाई माझ्या लेकीला. तिला स्वतःला आता फोनवरची नावं दिसत नव्हती. काचबिंदू. डावा डोळा गेला होता, आणि उजवा नाताळपर्यंत टिकला तर नशीब, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं.

नानायला दुसरं काही नको होतं. लेकीचं घर एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. सातासमुद्रापलीकडच्या पापाकुरा गावातलं तीन खोल्यांचं घर, मागचं लिंबाचं झाड, आणि नात वल्लरी. "फोनमध्ये सगळं बोटाएवढं दिसतं," ती म्हणायची. "एकदा खरंखुरं बघू दे, मग हवं तर अंधार होऊ दे."

हे बघणं सात वर्षं लांबत आलं होतं. लग्न झालं तेव्हा श्रीनाथ म्हणाला, आधी घर घेऊ. घर झालं तर वल्लरी पोटात. वल्लरी झाली तर म्हणे, माझ्या आईने जन्मात विमान पाहिलं नाही, आधी तिला आणू, मग लगेच नानाय. मारिसेल दर वेळी हो म्हणाली. का नाही म्हणणार? नवरा वाईट असता तर संशय तरी घेतला असता. हा तर थंडीत तिच्याआधी उठून तिच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून ठेवायचा, कारण रेस्ट होममध्ये म्हाताऱ्यांना उठवून आंघोळी घालायची तिची पाळी सकाळी सातला सुरू व्हायची. मग स्वतः हॅमिल्टनला दुधाच्या कारखान्यात इंजिनिअरच्या नोकरीवर जायचा, तासभर गाडी हाकत. संध्याकाळी तिने केलेलं माशाचं आंबट कालवण वरपून खायचा आणि वरणाला फोडणी कशी द्यायची ते तिला शिकवायचा.

घरातले कागद मात्र सगळे त्याच्या हातात. बँक, विमा, व्हिसा. "तू कशाला डोकं शिणवतेस, मी आहे ना," हे त्याचं ठरलेलं. जुलैत त्याने लॅपटॉपवर नानायच्या व्हिसाचा फॉर्म तिच्यासमोर भरायला घेतला, तिच्याकडून सगळे कागद मागून घेतले आणि दोन दिवसांनी म्हणाला, "गेला बघ. आता नुसती वाट बघायची."

ती वाट बघत होती.

ऑगस्टात पुण्याहून त्याची आई आली. स्नेहलताबाई. चौथी शिकलेली, पण जिभेपुढे वकिलाने पाणी भरावं. विमानतळावरच सुनेला पोटाशी धरलं आणि पिशवीतून दोन किलो चहा काढला. "आसामचा आहे हो, मुद्दाम हुडकून आणला तुझ्यासाठी." मारिसेलला वाटलं, चहाची हौस असेल म्हातारीला. तिने हसत हसत डब्यात भरला. सात वर्षं ती या बाईला फोनवर आई म्हणत होती. "आईला सगळं सांगितलंय मी, तिने मनापासून पदरात घेतलंय तुला," असं श्रीनाथने लग्नाच्या आधीच सांगितलेलं. त्या एका वाक्यावर ती मराठी शिकली होती, तोडकी-मोडकी का होईना.

आता बाईमाणसाच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणतात. सुटतं. विश्वास असला की हत्ती सुटतो. हॉलमधला नानायचा फोटो आई यायच्या आदल्या दिवशी भिंतीवरून उतरला. श्रीनाथ म्हणाला, काच तडकली होती, फ्रेमवाल्याकडे टाकलाय. आणि दर रविवारी साडेदहाला तो आईला गाडीत घालून देवळात न्यायचा. मारिसेलला उलट भरून यायचं. बघा किती समजूतदार, मला माझ्या आईशी मोकळं बोलता यावं म्हणून घर रिकामं करून देतो.

सप्टेंबरच्या त्या रविवारी मात्र सर्वपित्री अमावास्या आली.

"आई, चल लवकर. आज मोठी पूजा आहे देवळात."

"पितर काय देवळात पंगतीला बसतात? माझ्या हातचं जेवतात ते. तुला जायचंय तर तू जा."

तो गेला नाही. ओट्याभोवती घोटाळत राहिला. मारिसेलचा फोन उचलून आत चार्जिंगला लावून आला. "बाहेर तेल उडेल त्याच्यावर," म्हणाला. तिला तेही कौतुकाचंच वाटलं.

सासू-सुनेने मिळून रांधलं. भोपळ्याची भाजी, कढी, वडे, तांदळाची खीर. केळीची पानं ओटाहुहू उपनगरातल्या दुकानातून आणली होती. ती धुताना मारिसेल खुलली. तिच्या गावीही सणाला केळीच्या पानावर भात वाढतात, सगळे मिळून हाताने जेवतात. "आमच्यात पण, आई! सेम टू सेम!"

"मग काय तर. माणसं सगळीकडची सारखीच," आई म्हणाली, आणि मागच्या डेकवर पानं मांडायला गेली. इथे कावळे नाहीत ही तिची मोठी तक्रार होती. साळुंक्या उड्या मारत होत्या, त्यांच्यावरच भागवायचं होतं.

चार पानं. सहा वर्षांची वल्लरी मोजत मागे उभी. मराठी सगळं कळतं पोरीला, उत्तर इंग्लिशमधून.

"हे तुझ्या आजोबांचं," आई सांगत होती. "हे माझ्या सासू-सासऱ्यांचं. हे थोरल्या जाऊबाईंचं, मला फार छळलं तिने, पण वडा तिला दोन."

"अँड धिस वन?"

आईने आधी दाराकडे बघितलं. सून खिरीचं पातेलं घेऊन येतच होती. श्रीनाथने बजावून ठेवलं होतं, हिच्यासमोर हिच्या आईचा विषय काढायचा नाही, कोसळते. या बाईने, जिला कुणी गप्प करू शकलं नाही, तिने सात वर्षं तेवढी एक गोष्ट दाताखाली धरली होती. पण नातीने विचारल्यावर खोटं कसं बोलणार? तिने आवाज खाली आणला.

"हे तुझ्या आईच्या आईचं, बाळा. दरवर्षी ठेवते मी. त्या गरीब बाईचं करायला दुसरं आहे कोण?"

आवाज खाली आणला तरी तो स्नेहलताबाईंचाच. मारिसेलला शब्द न् शब्द ऐकू गेला. तिच्या गावात नोव्हेंबरात गेलेल्या माणसांसाठी ताटली ठेवतात. त्या पानाचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायला नको होता. तिने पातेलं खाली ठेवलं.

"आई, माझी आई आहे," ती म्हणाली. "जिवंत आहे."

"बट लोला कॉल्स एव्हरी संडे!" वल्लरी म्हणाली. नानायला ती लोला म्हणायची, म्हणजे आजी. तेवढ्यात आत फोन वाजायला लागला. श्रीनाथ वळला, पण पोरगी त्याच्या हाताखालून सुळकन आत जाऊन फोन घेऊन आली, चालू करूनच. पडद्यावर पांढऱ्या केसांची बाई, एक डोळा अर्धा मिटलेला. कपाळ तंतोतंत मारिसेलचं.

स्नेहलताबाई बघत राहिल्या. "ही कोण?"

"माझी आई. इलोइलोला राहते. फिलिपिन्स."

"आणि आसाम?"

"आसाम काय, आई?"

"आसामातली ना गं तू? मिशनात वाढलेली? आई-बाप लहानपणीच..." बोलता बोलता बाई थांबल्या. मान फिरवून त्यांनी नुसतं म्हटलं, "श्रीनाथ."

"आई, ऐकून घे. तूच म्हणाली होतीस, परदेशातली मुलगी केलीस तर विहिरीत उडी घेईन."

"विहीर कुठाय रे आपल्या सोसायटीत? टँकरने पाणी येतं! आणि म्हणून बाईला मारलंस?"

"व्याह्यांना भेटायला आसामला जाते म्हणून हटून बसली असतीस तू. म्हणून म्हटलं, कुणी नाही. एकदा बोलून गेलो. मग सांगायची वेळच आली नाही."

"सात वर्षं! सात वर्षं जित्या बाईला मी मेलेल्याचा घास घातला. हे कुणाच्या डोक्यावर?" त्या सुनेकडे वळल्या. "तुला ठाऊक होतं?"

"नाही आई. श्री म्हणाला, तुम्हाला सगळं माहीत. तुम्ही मला पदरात घेतली."

पदरात हा शब्द तिने असा उच्चारला की म्हातारीने पुढे होऊन तिचा हात धरला.

मारिसेल नवऱ्याकडे बघत होती. चहा. देऊळ. आत नेऊन ठेवलेला फोन. एकेक गोष्ट आपल्या जागेवर जाऊन बसत होती, आणि सगळ्यांच्या तळाशी एक उरली होती.

"श्री, नानायचा फॉर्म?"

"मारी, आई इथे असताना नानाय आल्या असत्या तर..."

"गेला का फॉर्म?"

"ड्राफ्टमध्ये आहे," तो म्हणाला. "सगळा भरलाय. फक्त पाठवायचा राहिलाय."

"जुलैपासून."

त्याने टॉवेल उचलला. बर्फ खरवडणारे तेच हात, आता टॉवेलला पुसत उभे.

फोनमधून नानायने तिच्या भाषेत विचारलं, "कोण ओरडतंय गं? सगळं ठीक ना?"

"काही नाही, नानाय. जेवायची गडबड," मारिसेल म्हणाली. आणि तिच्या लक्षात आलं, हेही खोटंच. या घराने तिलाही शिकवलं.

स्नेहलताबाईंनी हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि फोन मागून घेतला. "विहीणबाई, नमस्कार. माझ्याकडून मोठा अपराध झालाय. माझ्याकडून म्हणजे माझ्या मुलाकडून, पण वाढवला मीच आहे त्याला." मग सुनेला, "सांग तिला."

मारिसेलने फक्त नमस्कार सांगितला. नानाय हसली. "जवळ ये म्हणावं तिला. मला नुसता साडीचा रंग दिसतोय. हिरवा आहे का?"

साडी निळी होती. "हो, हिरवी," मारिसेल म्हणाली.

आईने चौथं पान दुमडून आत आणलं. पक्ष्यांना घालवेना, माणसाला वाढवेना, कचऱ्यात टाकवेना. ते ओट्यावर तसंच राहिलं. त्या दिवशी श्रीनाथला जेवायला कुणी बोलावलं नाही. त्याने आपलं वाढून घेतलं, दोन घास खाऊन ताट सरकवलं.

मारिसेल लॅपटॉप घेऊन बसली. पासवर्ड त्याच्याकडून घेतला, बाकी काही विचारलं नाही. फॉर्म सगळा तिने पहिल्यापासून वाचला, बोट ठेवून, एकेक ओळ. पाहुणी कुणाकडे राहणार, तिथे त्याने दोघांची नावं घातली होती. तिने त्याचं पुसलं.

"राहू दे ना माझं," तो मागून म्हणाला. "इंजिनिअरचा पगार दिसला की बरं पडतं."

"नको."

तिने बटण दाबलं. पडद्यावर पोच आली. तिने ती दोनदा वाचली, मग फोनमध्ये तिचा फोटोही काढून ठेवला. असे फोटो काढायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

श्रीनाथने श्वास सोडला. "झालं ना आता? येतील बघ. नाताळच्या आधी येतील."

"फ्रेमवाला कुठला?"

त्याची नजर खुंटीकडे गेली. तिने खुंटीवरची त्याच्या गाडीची किल्ली घेतली. डिकीत, समुद्रावर न्यायच्या सतरंजीखाली, वल्लरीच्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला नानायचा फोटो होता. महिनाभर तो रोज हॅमिल्टनला जाऊन येत होता. तिने काचेवरून बोट फिरवलं, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. कुठेही तडा नव्हता.

"दे, मी लावतो," श्रीनाथ दारात उभा राहून म्हणाला.

तिने फोटो छातीशी धरला आणि त्याच्या बाजूने आत गेली, अंग चोरून, बसमध्ये परक्या माणसाला धक्का लागू नये म्हणून जावं तशी.