अलमेलूच्या हवाली

महालक्ष्मीबाई लेक सरोजाला भावाकडे ठेवून आठ दिवस तिरुपतीला जाते म्हणून सांगून गेल्या होत्या, आणि तिसऱ्याच दिवशी दुपारी सैदापेटला भावाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ओसरीवर पाहुणे कॉफी पीत होते. सरोजा कुठे दिसेना. परसातल्या सामानाच्या खोलीला बाहेरून कडी होती. ती काढली, तर बत्तीस वर्षांची त्यांची लेक तांदळाच्या पोत्याला टेकून बसलेली. लुगडं ओलं झालं होतं. आईला बघून ती रडलीसुद्धा नाही.

"माझ्या पोरीला बघायला माणसं आलीत, आक्का," भाऊ व्यासराज खाली बघत म्हणाला. "दोन तासांचीच गोष्ट होती."

बाईंनी लेकीचं लुगडं बदललं आणि तिला घेऊन तिरुवल्लिकेणीच्या आपल्या बिऱ्हाडी परतल्या. यात्रा नव्हतीच. आपल्यामागे भाऊ हिला कसा सांभाळेल, एवढंच त्यांना पाहायचं होतं. बाईंच्या पोटातली गाठ पसरली आहे, फार तर सहा महिने, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एकसष्ट सालचा उन्हाळा होता तो.

तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलेल्या बाई मग लेकीला सांभाळायला माणूस शोधायला लागल्या. सरोजा बोलायची थोडं. कळायचं तिला त्याहून बरंच जास्त. आंघोळीपासून जेवणापर्यंत तिचं सगळं आईच्याच हातून होई. इस्पितळात काम केलेली एक आया आली, तिने पाऊल ठेवताच विचारलं, ही चावते का. दुसरी गोड बोलणारी होती, पण सरोजाला ऐकूच येत नसावं अशी तिच्यादेखत तिच्याविषयी बोलत राहिली. तिसरीला ठेवून घेतलं. चौथ्या दिवशी सरोजाच्या दंडावर चिमट्यांचे काळेनिळे डाग दिसले.

मग आली अलमेलू, लग्नघरी स्वयंपाकाला जाणारी, चाळिशीची विधवा. मराठी घरांत राबून भाषा शिकलेली. ती आधी बाईंशी बोललीच नाही. सरोजासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "तुला खायला काय आवडतं, सरोजा?"

सरोजाला उत्तराला फार वेळ लागे. तोवर लोक दुसरीकडे वळत. अलमेलू बसून राहिली.

"अप्पळम," सरोजा शेवटी म्हणाली. म्हणजे पापड.

हा प्रश्न आपणही लेकीला कधी विचारला नव्हता, हे बाईंच्या ध्यानात आलं.

अलमेलूला ठेवून घेतलं, पण सरोजा तिच्या हातचं खाईना. ताट लोटून देई, आईचा पदर सोडत नसे. एकदा तर अलमेलूच्या मनगटाला रक्त येईपर्यंत चावली. अलमेलूने जखमेवर हळद दाबली आणि संध्याकाळी बाईंना म्हणाली, "अम्मा, तुम्ही इथून जावा. तुम्ही आहात तोवर ती माझी व्हायची नाही. आणि तशाच देवाघरी गेलात, तर मग मला काही करता यायचं नाही."

"मला थोडेच महिने आहेत, अलमेलू. ते हिच्याशिवाय काढू?"



दुसऱ्या दिवशी सरोजा झोपाळ्यावर बसलेली असताना बाई मागल्या दाराने निघाल्या. दुसरीकडे कुठे जायला जागा नव्हती, म्हणून व्यासराजकडेच राहिल्या.

दर शुक्रवारी सरोजापाशी शेजारणीला बसवून अलमेलू बाईंना खबर सांगायला येई. पहिला आठवडा सरोजाने पेजेवर काढला, दिवसभर दारात बसून. तिसऱ्या आठवड्यात स्वतःच्या हाताने अंगावर पाणी घेतलं. सहाव्या आठवड्यात बाईंनी विचारलं, "माझं नाव काढते?"

"आता नाही काढत, अम्मा."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. ती गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

औषधाला म्हणून निघालेल्या बाई एका सकाळी तिरुवल्लिकेणीच्या बाजारात उतरल्या. एका दुकानाच्या खांबाआड उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने त्या दोघी आल्या. भाजीची पिशवी सरोजाच्या हातात होती, शेवग्याच्या शेंगा वर डोकावत होत्या. बाईंनी तिला कधी ओझं उचलू दिलं नव्हतं. सायकलची घंटा वाजली तशी सरोजा आपणहून थांबली, सायकल जाऊ दिली, आणि अलमेलूला काहीतरी सांगत दहा पावलांवरून निघून गेली.

बाईंचा पाय पुढे पडला होता. त्यांनी खांब धरला.

दुकानदाराने स्टूल पुढे सरकवलं आणि कुणाची वाट बघताय, असं विचारलं. कुणाची नाही, असं सांगून, तीस वर्षं त्या रस्त्याने ये-जा केलेल्या बाईंनी त्याला परक्यासारखं विचारलं की सैदापेटची बस कुठे थांबते.