नऊ भागांचं पेडल

मेकॅनिकला एक खोड होती. कुठलंही सर्किट हातात आलं की त्यातला एकेक भाग तोडून बघायचा. आवाज बिघडला तर भाग परत जोडायचा. नाही बिघडला तर भाग काचेच्या बरणीत. "ज्याच्यावाचून अडत नाही, त्याला आत कशाला पोसायचं?" असं म्हणत तो ती बरणी गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवायचा. याच खोडीने पुढे घात केला.

सुरुवात मात्र चांगुलपणातून झाली. त्याच्या बायकोचा थोरला भाऊ तीस वर्षं एका बँडमध्ये गिटार वाजवत होता. त्याला नवरा-बायको दोघंही दादा म्हणत. चार महिन्यांपूर्वी दादा आपलं पेडल घेऊन दुकानात आला. पेडल म्हणजे गिटारचा सूर जाड आणि लांब करणारी, पायाने दाबायची डबी.

"भाऊजी, सूर फाटतोय. बघा जरा."

मेकॅनिकने उघडून पाहिलं. पेडल ठणठणीत होतं. पण मघाशी दादाने कप दोन्ही हातांनी धरूनही चहा सांडला होता, ते त्याने पाहिलं होतं. बायकोनेही पाहिलं होतं. ती दादाच्या पाठीमागून मानेनेच सांगू नका, सांगू नका म्हणत होती.

"पेडल गेलंय, दादा," तो म्हणाला. "यातले भाग हल्ली मिळत नाहीत."

दादाचा चेहरा इतका उजळला की मेकॅनिकला स्वतःची लाज वाटली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याने मनाची समजूत घातली. दादा हळूहळू आपणहून थांबेल, कुणाला काही बोलावं लागणार नाही.

थांबतोय कसला! त्याने बँडभर सांगितलं की दोष पेडलचा आहे. बँडवाल्यांनी चार महिने कळ काढली. मग म्हणाले, रविवारी नव्या पेडलवर वाजवून दाखवा, नाहीतर आम्ही दुसरा माणूस बघतो. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. आणि दादा जुन्या मासिकातून फाडलेली सर्किटची आकृती घेऊन दुकानात हजर.

"विकतचं नको, भाऊजी. तुमच्या हातचं करा."

पेडलसाठी बायकोने आपला शिवणाचा पत्र्याचा डबा रिकामा करून दिला. बटणं ओंजळीत घेऊन ती उभी राहिली.

"थोडं बिघडलेलंच करा ना," ती म्हणाली. "म्हणजे दादाला परत दोष पेडलवर ढकलता येईल."

"आणि रविवारनंतर?"

"रविवारनंतरचं रविवारनंतर बघू."

मेकॅनिक खरोखरच वाईट काम करायचं ठरवून बसला. आकृतीत बावीस भाग होते. त्याने सगळे जोडले, आणि मग सवयीने एक तोडून कान लावला. मग दुसरा. एक रेझिस्टर खरखरत होता. तोच ठेवायचा हे ठरलेलं असताना हाताने तो कधी बदलला ते कळलंच नाही. संध्याकाळपर्यंत नऊ भाग उरले. तारेला बोट नुसतं लागलं तरी खोली सुराने भरून जायची. तो खुशीत शिट्टी वाजवायला लागला, आणि मग आपण काय करून बसलोय ते त्याच्या ध्यानात आलं. मोडून टाकावं म्हणून त्याने पक्कड उचलली, पण मोडवेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शनिवारी दुपारी दादा आला. डब्यावर पाय दाबून त्याने एक सूर लावला. सूर मोठा उठला, आणि त्यात बोटांची थरथर स्वच्छ ऐकू आली. तारेवर बोट घासत होतं, सरकत होतं, आणि पेडल ते सगळं मोठं करून सांगत होतं. दादाने तोच सूर पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा. बायको दारातून आत निघून गेली.

"पेडल झकास झालंय," दादा म्हणाला.

"एक कपॅसिटर टाकला तर आवाज जरा दबेल," मेकॅनिक घाईने म्हणाला. "दहा मिनिटांचं काम."

"जुनं पेडल खरंच गेलं होतं?"

मेकॅनिकने कपॅसिटर शोधायला खण उघडला. दादा रागावला असता तर त्याला बरं वाटलं असतं. दादाने फक्त काउंटरवरची बरणी उचलली आणि हलवून बघितली.

"बँडला फोन लावा, भाऊजी. म्हणावं, उद्या माझ्यावाचून वाजवून बघा. काय म्हणतात ते मला सांगा."

मेकॅनिकने फोन लावला. पलीकडे बँडची तालीम चालू होती. "अरेरे," बँडवाला म्हणाला. "बरं. दादांना काळजी घ्यायला सांगा." त्याच्या पाठीमागे कुणीतरी गिटार वाजवत होतं. हात तरुण होता आणि सूर सरळ. अर्ध्या मिनिटात बोलणं संपलं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुमच्यावाचून अडेल."

दादा ओळखून हसला. मग त्याने बरणी जागेवर ठेवली आणि मेकॅनिकच्या खांद्यावर आपला थरथरता हात ठेवला.

"तुम्हाला वाईट काम जमत नाही, भाऊजी," तो म्हणाला, आणि गिटार काउंटरवरच ठेवून घरी गेला.