पीक म्हणजे शिखर

इंग्रजी शब्दांच्या बाबतीत सुखदेव गजभिये कुणाला हार जात नसत. कॉव्हेंट्रीत त्यांनी जन्मभर बस चालवली होती. नागपूरहून कुणी नवीन आलं, की इथे पावाला बॅच म्हणतात, दुकानातली बाई ‘बॅब’ म्हणाली तर रागवू नका, मायेनं म्हणते ती, हे बुद्धविहारात तेच समजावून सांगत.

नात तनिषा लीड्सला कायदा शिकायला गेली. घराण्यातली पहिली वकील. दर रविवारी ते तिला फोन करत. कसं चाललंय विचारलं, की ती म्हणायची, “पीक आहे, आजोबा.”

पीक म्हणजे शिखर, हे काय कुणी सांगायला हवं? “शाब्बास,” ते म्हणत, “अशीच राहा.” मग ती जेवलात का विचारायची आणि फोन ठेवायची. आवाज खोल गेलेला वाटे. थंडी बाधली असेल, असं ते स्वतःलाच सांगत.

मे महिन्यात विहारातल्या जेवणाला त्यांनी ही गोष्ट पुन्हा कौतुकानं सांगितली. समोर वीणा बसली होती. शाळेत शिकवायची ती. तिनं घास खाली ठेवला. तनिषा अगदी हाच शब्द म्हणाली का, असं तिनं दोनदा विचारलं. मग हळूच म्हणाली, “काका, माझ्या वर्गातली मुलं नापास झाली की पीक म्हणतात. कुणाचे वडील घर सोडून गेले, तरी पीकच. म्हणजे फार वाईट झालं.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या ट्रेननं ते लीड्सला गेले. तनिषानं दार उघडलं तेव्हा तिच्या अंगावर कॅफेचा ॲप्रन होता. कॉलेज तिनं फेब्रुवारीतच सोडलं होतं. वर्गात जाऊन बसलं की तिला धाप लागायची, पुढे पुढे कॉलेजसाठी खोलीबाहेर पडणंच होईना. आईवडिलांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

“मम्मी-डॅडला सांगितलं असतं तर ते लगेच गाडी घेऊन आले असते,” ती म्हणाली. “तुम्हाला तो शब्द माहीत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून तुम्हालाच सांगायचे.”

“आणि मी शाब्बास म्हणत होतो.”

“आधी हसू यायचं. मग नाही यायचं.”

सुखदेव खुर्चीत बसले. मग म्हणाले, “शब्द नव्हता कळला, तनू. पण आवाज कळत होता गं.”

ती चहा करायला वळली, आणि किटलीपाशी तशीच पाठमोरी उभी राहिली.

वर्ष वाया गेलं होतं. तिला परत घेण्याची मुदत टळून गेली होती. फेब्रुवारीतच कुणी आलं असतं तर रजा मागता आली असती, असं कॉलेजातल्या बाईंनी सांगितलं. ऑगस्टमध्ये तनिषा कॉव्हेंट्रीला परतली आणि एका चष्म्याच्या दुकानात लागली. कायद्याचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

हल्ली सुखदेव रोज संध्याकाळी तिच्याकडे चक्कर मारतात, समोर बसून विचारतात. ती “बरं आहे” म्हणते आणि चहाचं विचारते. तेव्हा फोनवर खरं उत्तर मिळत होतं, ते आता समोर विचारूनही मिळत नाही.