लाडकीमावशीचं बाकडं

दवाखाना पाडून नव्यानं बांधायचा आणि एकही पेशंट परत पाठवायचा नाही, असला अजब हुकूम ट्रस्टनं सतरा साली काढला, तेव्हा सुनिता सिस्टर म्हणाल्या, "बरं. बायकांना सांगते, स्लॅब पडेपर्यंत कळा थांबवून धरा." मीटिंगमध्ये कोणी हसलं नाही.

डहाणूहून तलासरीकडे जाताना लागतो तो दवाखाना. निळे पत्रे ठोकले, वर्षभरात बाळंतिणींचा वॉर्ड तीनदा हलवला, एकदा तर टाके घालतानाच भिंतीपलीकडून ड्रिल सुरू झालं. सिस्टरनी सगळं निभावलं. अखेर नवी इमारत उभी राहिली. काचेचं दार, गुळगुळीत फरशी, दाराशी टोपीवाला वॉचमन. इंजिनियर दीपेश तर तिचे रोज फोटो काढायचा.

आणि बाया येईनात हो! महिन्याला चाळीस बाळंतपणं व्हायची, ती नऊवर आली. दीपेशनं बाणांचे बोर्ड लावले, मराठीत आणि गुजरातीतही. "अजून मोठे करू का, सिस्टर?"

"कर. आभाळाएवढे कर," सिस्टर वैतागून म्हणाल्या.

त्यांचा जीव अडकला होता सायवनच्या रूपीत. पहिल्या खेपेला तिचं रक्त थांबता थांबेना, कशीबशी वाचली होती. दुसरं बाळंतपण घरी करायचं नाही, असं सिस्टरनी तिच्याकडून वदवून घेतलं होतं. आता दिवस भरत आले आणि रूपीचा पत्ता नाही.

सोमवारी बाजारात तिची सासू चिमी दिसली. सिस्टरनी तिचा हातच धरला.

"आलेलो ना परवा," चिमी म्हणाली. "फाटकातून बघितलं, तर खाजगी दवाखाना झालेला. लाडकी पण दिसली नाय दारात. आम्हांला कोण आत घेणार? आलो परत."

हसावं की कपाळ बडवावं, सिस्टरना कळेना. दीपेशनं इतकं झकास बांधलं होतं की गरिबाला ते आपलं वाटेचना.

"रूपीला घेऊन ये," त्या म्हणाल्या. "लाडकी दारातच असेल."

लाडकीमावशी तिथली जुनी आया, तीस वर्षं दारातल्या बाकड्यावर बसून येणाऱ्या बायांना आत घेणारी. नव्या इमारतीत तिला आत कपड्यांच्या खोलीत टाकलं होतं. मंगळवारी सिस्टरनी भंगारातून जुनं लंगडं बाकडं आणवलं, काचेच्या दाराशी मांडलं आणि त्यावर मावशीला बसवलं.

दीपेश धावत आला. "सिस्टर, हे ड्रॉइंगमध्ये नाहीये!"

"तेच तर चुकलं, बाळा."

"पण या करणार काय इथं?"

"बसणार," मावशी तंबाखू मळत म्हणाली.

बुधवारी चिमी रूपीला घेऊन फाटकाशी आली. काच दिसली आणि रूपीचे पाय अडले. सिस्टर आतून बघत होत्या. तेवढ्यात मावशी बाकड्यावरूनच खेकसली, "अगं ए रूपे, तिथंच बाळंत होतेस काय? ये की इकडं!"

रूपी आली. चपला दाराबाहेर काढून आली. रक्त याही खेपेला गेलं, पण डॉक्टर हाताशी होते, रक्ताच्या बाटल्या तयार होत्या. मुलगी झाली. सिस्टर भिंतीला टेकून खुशाल रडल्या.

महिनाअखेर दाराबाहेर चपलांचा असा ढीग, की वॉचमनला उभं राहायला जागा उरली नाही.

दुसऱ्या टप्प्याचं ड्रॉइंग घेऊन दीपेश आला, तो जरा लाजतच. ओपीडीच्या दाराशी त्यानं पेन्सिलीनं एक चौकोन काढला होता. आत लिहिलं होतं, 'लाडकीमावशी'.

सिस्टरनी ते वाचून दाखवलं. मावशीनं कागद जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला.

"एवढासा?" ती म्हणाली. "आणि बाया बसतील कुठं?"

दीपेशनं खिशातून खोडरबर काढलं.