गुलाबी पाणी

मित्रांनो, ओळख करून देण्याआधी एक कबुली देऊन टाकतो. मी फार मत्सरी आहे. तसा मी एक जुना, सुती, चौकोनी रुमाल. धुऊन धुऊन अंग इतके विरले आहे की उजेडाकडे धरले तर पलीकडची खिडकी दिसते. मत्सर मात्र अजून नवा कोरा आहे.

माझा जन्म एका मोठ्या हॉटेलात झाला. तेव्हा मी रुमाल नव्हतो, पांढऱ्याशुभ्र चादरीचा एक कोपरा होतो. रोज नवा पाहुणा, रोज धुलाई, रोज कडक इस्त्री. किती तऱ्हांचे घोरणे ऐकले, विचारू नका. शेवटी चादर मधोमध विरली आणि कामातून गेली. हॉटेलच्या धुलाईखात्यातल्या एका माणसाने ती साहेबांकडे मागितली आणि घरी आणली. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. त्याने जमिनीवर बसकण मारून चादरीच्या चांगल्या भागाचे बारा चौकोन कापले. दुमडलेली शिवण बाळाला बोचेल म्हणून कडेला नुसती नागमोडी कात्री फिरवली. त्या बारांतला मी सातवा.

मुलगी झाली. एवढीशी, गोल, म्हणून बाप तिला गुंडी म्हणू लागला. खरे नाव कागदावर आहे, ते फक्त दवाखान्यात लागते. गुंडीची कातडी भारी नाजूक. लोकरीचे टोपडे घातले तरी कपाळ लाल व्हायचे. मला कोमट पाण्यात बुडवून, पिळून, अलगद तिच्या अंगावरून फिरवत. आई म्हणायची की इतके मऊ कापड दुकानात शोधूनही सापडायचे नाही. बाप ते ऐकून न ऐकल्यासारखे करी, आणि मग आम्हाला एकेक झटकून मोठ्या थाटात दोरीवर वाळत घाली. तेव्हा मला स्वर्ग दोन बोटे उरला होता.

मग आईची रजा संपली. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. गुंडीला पाळणाघरात ठेवायचे ठरले, आणि पाळणाघरच्या बाईंनी स्वच्छ सांगितले की वीस मुलांची फडकी आम्ही धुणार नाही, एकदा पुसून टाकून द्यायचे ओले वाइप्स आणा. फडकी! मी तिथेच पेटलो.

आईने वाइप्स निवडायला आठवडा घेतला. दुकानातले भिंग घरी आणून ती पाकिटांवरची बारीक अक्षरे वाचत बसे. एका हिरव्या पाकिटावर हे मोठे पान छापलेले होते. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत प्लास्टिकचे धागे आणि सुगंध निघाला.

"पान छापलं म्हणून काही झाड होत नाही," म्हणत तिने ते बाजूला सारले.

इतके दोष काढणाऱ्या बाईला एकही पाकीट पसंत पडणार नाही, असे मी धरून चाललो होतो. पण एक पडले. झाडाच्या लगद्याचे, बिनवासाचे, आत जवळपास सगळे पाणीच. ते ऐटीत गुंडीच्या उशाशी जाऊन बसले, आणि आम्ही बादलीत. त्याचे झाकण टक् वाजले की गुंडी खुदकन हसे, आणि इकडे माझ्या अंगाचा तिळपापड होई. अरे, तू एकदा पुसलेस की कचऱ्यात जातोस, मी शंभरदा धुतला गेलो तरी जागेवर आहे. पण ऐकतो कोण? पाळणाघरासाठी आणलेले पाकीट घरीही उघडू लागले. आमच्यातल्या एकाकडे चष्मा पुसायचे काम गेले. एकाच्या नशिबी तर शेगडी आली.

त्या घरात आणखी एक जण जळत होता. बाप. तो पाकिटाचे झाकण गरजेपेक्षा जोरात लावी. एका संध्याकाळी तो कामावरून बाटलीत गुलाबी पाणी घेऊन आला. हॉटेलचे टॉवेल ज्याने मऊ आणि सुवासिक होतात, तेच. त्याने आम्हा सगळ्यांना गोळा केले, अगदी शेगडीवाल्यालासुद्धा, आणि शेवटच्या पाण्यात ते ओतले. एक झाकण पुरले असते, त्याने चार घातली.

"आता तुम्हाला कोण बाजूला ठेवतं, ते बघतोच," तो आम्हाला म्हणाला.

घरभर फुलांचा वास सुटला. आईने मला गालाला लावले आणि तिथेच ठेवले थोडा वेळ. पाकिटाला ना वास, ना रंग. घरी आई पुन्हा आम्हालाच वापरू लागली. मी तोऱ्यात होतो.

चौथ्या दिवशी गुंडीच्या मांड्यांवर लाल पुरळ उठले. आईचा पहिला संशय पाकिटावर गेला. ते खणात गेले, आणि आईने रजा काढून गुंडीला घरीच ठेवले. मित्रांनो, बाळाचे अंग लाल झाले आणि मी खूश झालो. हे सांगताना आज लाज वाटते. आता दिवसभर माझेच राज्य होते, आणि पुरळ तर वाढतच गेले.

पूर्वी मी टेकलो की गुंडी पाय सैल सोडायची. आता ती पाय पोटाशी ओढून घेऊ लागली, आणि ओठ काढून रडू लागली. तिच्या कातडीला सगळ्यांत जवळ मीच होतो, त्यामुळे कोणाला कळण्याआधी मला कळले की तिची आग माझ्यामुळे होते आहे. मला बोलता येत नाही, ही सबब खरी आहे. पण बोलता आले असते, तरी मी पाकिटाचेच नाव घेतले असते.

सहाव्या दिवशी आईबाप तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारले की गेल्या काही दिवसांत नवीन काय वापरले. आईने पाकीट पुढे ठेवले आणि रडवेली होऊन म्हणाली की हे मीच निवडले. बाईंनी ते सावकाश वाचले आणि यात वावगे काही नाही म्हणून परत दिले. मग गुंडीच्या अंगाखाली पसरलेल्या मला सहज उचलून नाकाशी नेले.

"याला वास कसला येतोय?"

आई बापाकडे बघू लागली. बाप स्वतःच्या बुटांकडे.

"रुमाल मऊ व्हावेत म्हणून कामावरचं एक औषध घातलं होतं," तो म्हणाला. "मऊ होतेच ते. हिनं पाकीट सोडून परत हेच वापरावेत, म्हणून घातलं."

बाईंनी त्याला झापले नाही. वास पाकिटातला असो की बादलीतला, अशा कातडीला दोन्ही सारखेच, एवढे सांगून मलम लिहून दिले. वाटेत आईच म्हणाली, "मी पाकिटं भिंगानं वाचली, आणि घरातल्या बादलीत डोकावले नाही."

बापाने आम्हाला उकळले, खळबळून काढले, पुन्हा उकळले. दर वेळी नाक खुपसून हुंगले. आठ दिवस मी दोरीवर होतो, आणि समोर गुंडीला पाकीट पुसत होते. लाली उतरत गेली. एका सकाळी ती पाय सैल सोडून पडलेली दिसली. मला बरे वाटले. जरा जळलोही, खोटे कशाला बोलू?

आता घरी मी असतो, साध्या पाण्यातला, बिनवासाचा. पाळणाघरात पाकीट जाते. मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी विनवतात की आमची काळजी घ्या. मी तसे म्हणणार नाही. माझी काळजी त्या बापाने जरा जास्तच घेतली, तिथेच सगळे बिघडले. तुमच्या घरी लहान बाळ असेल, तर कापड वापरा नाहीतर पाकीट वापरा, पण जे काही त्याच्या अंगाला लागणार आहे ते आधी वाचा आणि हुंगा. आणि आमच्यात वरचढ कोण, याचा निकाल बाळाच्या कातडीवर लावू नका.